चित्र फुकट मिळालं, शेजार मोजायचा राहिला

काचेच्या छोट्या नळीत थोडं द्रावण घेतात. बोटाला टोचून काढलेला रक्ताचा थेंब त्यात सोडतात, नळी हलवतात, पाचेक मिनिटं थांबतात आणि मग नळीच्या मागे काळ्या रेघा ओढलेला कागद धरतात. रेघा स्वच्छ दिसल्या तर सुटका. द्रावण गढूळ होऊन रेघा दिसेनाशा झाल्या, तर रक्ताचा नमुना पुढच्या तपासणीला जातो. गडचिरोलीपासून नंदुरबारपर्यंत आरोग्य केंद्रांत आणि आश्रमशाळांत सिकलसेलची ही सोल्युबिलिटी चाचणी वर्षानुवर्षं होत आली आहे. पुढे इलेक्ट्रोफोरेसिसच्या अहवालात ‘एएस पॅटर्न’ येतो की ‘एसएस पॅटर्न’, त्यावर माणूस नुसता वाहक आहे की रुग्ण, हे ठरतं. आणि ती दोन अक्षरं मग घरात लग्नाच्या बोलणीपर्यंत मुक्कामाला राहतात.

रेघा पुसल्या जातात त्या शेजारामुळे.

नळीतलं डायथायोनाइट हे रसायन हिमोग्लोबिनकडचा ऑक्सिजन काढून घेतं. निरोगी माणसाचं हिमोग्लोबिन तरीही विरघळलेलंच राहतं. सिकलसेलचं हिमोग्लोबिन मात्र ऑक्सिजन सुटताच एकमेकांना धरू लागतं, त्याचे पुंजके होतात आणि त्या पुंजक्यांत उजेड अडतो. नळी डोळ्यांसमोर धरून बघणाऱ्या तंत्रज्ञाला त्या क्षणी जे कळतं ते इतकंच, की दोन रेणूंमधला एक ठरावीक संपर्क जुळला आहे की नाही.

प्रथिनांच्या अभ्यासात अमिनो आम्लांच्या अशा संपर्कांची मोजदाद करणं ही एक आख्खी विद्या आहे. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची माळ. ही माळ सरळ लोंबत नाही; दोऱ्याचा गुंता व्हावा तशी स्वतःभोवती गुंडाळली जाते, पण दर वेळी त्याच पद्धतीने. त्यामुळे माळेत एकमेकांपासून शंभर मणी लांब असलेली दोन अमिनो आम्लं प्रत्यक्षात अंगाला अंग लावून बसलेली असू शकतात. कोण कोणाला टेकलं आहे, याची यादी हाती आली की प्रथिन घट्ट का राहतं, कुठे वाकतं, औषध कुठे बसेल, कोणता मणी बदलला तर घात होईल, याचा अंदाज बांधता येतो.

गेल्या काही वर्षांत प्रथिनांच्या चित्रांचा पूर आला आणि ही यादी वाचण्याची सवय मात्र आपल्याकडे फारशी कुणी लावून घेतली नाही. या तक्रारीसाठी सिकलसेलइतकं बोलकं उदाहरण दुसरं नाही.

हिमोग्लोबिनमध्ये चार माळा असतात, दोन अल्फा आणि दोन बीटा. बीटा माळेत १४६ मणी. १९४९ मध्ये लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सिकलसेल हा रेणूचा आजार असल्याचं दाखवलं, पण रेणूत नेमकं काय बिघडलं ते कळलं नव्हतं. ते शोधलं केंब्रिजमध्ये व्हर्नन इनग्रॅम यांनी. त्यांनी ट्रिप्सिन वापरून हिमोग्लोबिनचे तुकडे केले, ते कागदावर पसरवले आणि निरोगी माणसाच्या ठिपक्यांशी रुग्णाचे ठिपके ताडून पाहिले. सुमारे तीस ठिपक्यांमधला एकच आपल्या जागेवर नव्हता. १९५७ पर्यंत उलगडा झाला: बीटा माळेतल्या सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन बसलं आहे.

इथपर्यंतची गोष्ट बारावीचा विद्यार्थीही घडाघडा सांगतो. गंमत पुढे आहे, आणि ती सहसा शिकवली जात नाही. सहाव्या जागचा मणी बदलला म्हणून हिमोग्लोबिनचा आकार बदलत नाही. तो जवळजवळ जसाच्या तसा राहतो. निरोगी माणसाच्या आणि रुग्णाच्या हिमोग्लोबिनच्या एकेका रेणूची रंगीत चित्रं शेजारी शेजारी ठेवली, तर तज्ज्ञालाही दोन्ही सारखीच वाटतील. आजार एकट्या रेणूच्या चित्रात नाहीच. दोन रेणू जवळ येतात तेव्हा तो दिसतो.

ग्लुटामिक आम्लावर ऋण विद्युतभार असतो, त्यामुळे ते पाण्यात सुखाने राहतं. व्हॅलिन तेलकट स्वभावाचं, पाण्यापासून अंग चोरणारं. ते रेणूच्या बाहेरच्या बाजूला, पाण्याच्या तोंडावर उघडं पडलेलं असतं आणि लपायला आडोसा शोधत असतं. शेजारच्या हिमोग्लोबिनच्या बीटा माळेत असा आडोसा तयारच आहे: ८५व्या जागचं फेनिलअॅलानिन आणि ८८व्या जागचं ल्युसिन यांच्यामध्ये एक छोटी तेलकट खोबण. एका रेणूचं सहावं व्हॅलिन दुसऱ्याच्या या खोबणीत जाऊन बसतं. ऑक्सिजन धरलेल्या अवस्थेत रेणूची ठेवण वेगळी असते, तेव्हा ही जोडणी जमत नाही. ऑक्सिजन सुटला की जमते. एकाला दुसरा, दुसऱ्याला तिसरा, अशी ओळ लागते. दोन ओळींची जोडी होते, अशा सात जोड्या एकमेकींना पीळ देऊन चौदा पदरी दोर होतो, आणि हा दोर लाल पेशीला आतून ताणून कोयत्यासारखी वाकवतो. प्रत्येक रेणूत सहावी व्हॅलिनं दोन, पण या जोडणीत खोबणीत शिरतं ते एकच. एवढ्याशा संपर्कावर पोटात, छातीत, हाडांत उठणाऱ्या त्या कळा अवलंबून आहेत.

आता त्याच खोबणीतल्या ८७व्या मण्याकडे पाहू. मोठ्या माणसाच्या बीटा माळेत तिथे थ्रिओनिन असतं. पोटातल्या बाळाच्या हिमोग्लोबिनमध्ये बीटाऐवजी गॅमा माळ असते आणि तिच्यात त्याच जागी ग्लुटामिन असतं. ते तिथे अडसरासारखं बसतं, व्हॅलिनला नीट शिरू देत नाही. सिकलसेल घेऊन जन्मलेलं बाळ पहिले काही महिने बहुधा ठणठणीत असतं, त्यामागचं हे एक महत्त्वाचं कारण. बाळाचं हिमोग्लोबिन ओसरू लागलं की त्रास डोकं वर काढतो. हायड्रॉक्सियुरियाच्या गोळ्यांचा उपयोग होतो तोही बऱ्याच अंशी यामुळेच. त्या गोळ्या बाळपणीचं हिमोग्लोबिन पुन्हा वाढवतात.

८७व्या मण्याचा हा धडा गिरवून एक उपचारच उभा राहिला. रुग्णाच्या अस्थिमज्जेतल्या मूळ पेशींमध्ये बीटा माळेचं असं जनुक घालायचं, ज्यात ८७व्या जागी थ्रिओनिन काढून ग्लुटामिन बसवलेलं आहे. डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाने या उपचाराला मान्यता दिली. नाव लिफजेनिया, तेव्हाची किंमत ३१ लाख डॉलर. रुपयांत पंचवीस कोटींच्या घरात. मेळघाटातल्या किंवा एटापल्लीतल्या कुटुंबासाठी हा आकडा निरर्थक आहे, हे कबूल करायलाच हवं. पण कल्पना आली कुठून, तर कोणता मणी कोणत्या मण्याशेजारी बसतो आणि कुठे बसला की जोडणी मोडते, या यादीच्या वाचनातून. ती यादी मात्र फुकट आहे.

किती फुकट? प्रोटीन डेटा बँक नावाचं जागतिक भांडार १९७१ मध्ये सात रचनांवर सुरू झालं. आज त्यात दोन लाखांहून अधिक रचना आहेत आणि कुणीही, पैसे न देता, त्या उतरवून घेऊ शकतो. सिकलच्या हिमोग्लोबिनची नोंद तिथे ‘२एचबीएस’ या नावाने आहे. धारिणी (फाइल) उघडली की चित्र नसतं, साध्या अक्षरांतल्या हजारो ओळी असतात. एका ओळीत एक अणू: कोणता अणू, कोणत्या अमिनो आम्लाचा, कोणत्या माळेतला, कितव्या जागचा, आणि पुढे तीन आकडे. हे तीन आकडे म्हणजे त्या अणूचा पत्ता.

समजा एका अणूचा पत्ता १२, ५, ८ आहे आणि दुसऱ्याचा १४, ८, ७. फरक काढले: २, ३, १. वर्ग करून बेरीज केली: ४, ९ आणि १ मिळून १४. वर्गमूळ सुमारे ३.७. दहावीच्या निर्देशक भूमितीत अंतराचं सूत्र येतं ना, तेच हे. फक्त एक अक्ष वाढला. एकक आहे अँगस्ट्रॉम, म्हणजे मीटरचा एक हजार कोटीवा भाग. ३.७ अँगस्ट्रॉम म्हणजे दोन अणू अगदी चिकटून आहेत. अशी अंतरं सगळ्या जोड्यांची काढायची आणि ठरावीक मर्यादेच्या आतल्या जोड्या निवडायच्या. संपर्कांची यादी तयार.

ही मर्यादा कुठे आखायची, यात मात्र खरी मेख आहे. कोणी दोन अमिनो आम्लांचे कुठलेही दोन अणू साडेचार-पाच अँगस्ट्रॉमच्या आत आले की संपर्क मानतात, कोणी प्रत्येक अमिनो आम्लाचा एकच ठरावीक कार्बन धरून आठ अँगस्ट्रॉमची रेघ मारतात. मर्यादा थोडी सैल केली की यादी फुगते, आवळली की आटते. म्हणून संपर्कांची संख्या सांगताना मापपट्टी कोणती लावली हे न सांगणं म्हणजे वजन सांगून किलो की शेर ते गुलदस्त्यात ठेवणं.

मापपट्टीचा हा प्रश्न भारतात फार आधी, आणि फार तिखटपणे, विचारला गेला होता. गोपालसमुद्रम नारायण रामचंद्रन आणि गोपीनाथ कार्था यांनी १९५४ मध्ये मद्रासहून कोलॅजेनची तिपेडी रचना ‘नेचर’मध्ये मांडली आणि पुढच्याच वर्षी ती सुधारली. कोलॅजेन म्हणजे कातडी आणि स्नायुबंध यांतलं प्रथिन. मद्रासच्या चर्म संशोधन संस्थेचा शेजार तेव्हा कामी आला होता. फ्रान्सिस क्रिक आणि अलेक्झांडर रिच यांनी त्या रचनेवर आक्षेप घेतला: यात काही अणू एकमेकांच्या फारच जवळ आले आहेत, इतकं जवळ येणं त्यांना परवडणार नाही. रामचंद्रन यांनी त्या आक्षेपाला उलट प्रश्न केला. फारच जवळ म्हणजे किती जवळ? त्यांनी आधी माहीत असलेल्या लहान रेणूंच्या स्फटिकांतली अंतरं चाळून काढली, कोणते दोन अणू किती जवळ येऊ शकतात याच्या दोन मर्यादा ठरवल्या, एक नेहमीची आणि एक टोकाची. मग शशिशेखरन आणि रामकृष्णन यांच्यासह त्या मर्यादा प्रथिनाच्या कण्याला लावून पाहिल्या. १९६३ मध्ये जो आलेख प्रसिद्ध झाला तो आज जगभरच्या पाठ्यपुस्तकांत ‘रामचंद्रन आलेख’ म्हणून छापला जातो, आणि नवी रचना भांडारात जमा करताना तिची तपासणी त्याच आलेखावर होते.

आपल्याकडे या आलेखाचा अभिमान भरपूर. त्यामागचा प्रश्न विचारण्याची खोड मात्र अभिमानाबरोबर आलेली दिसत नाही. पुणे याला काही अंशी अपवाद: रामचंद्रन यांच्यासोबत संशोधन केलेले अशोक कोळस्कर पुढे पुणे विद्यापीठात आले, तिथे जैवमाहितीशास्त्राचं केंद्र उभं राहिलं, आणि २००५ मध्ये त्यांनी व सहकाऱ्यांनी प्रतिपिंड प्रथिनाच्या पृष्ठभागावर कुठे पकडेल याचा अंदाज रचनेवरून सांगणारी प्रणाली सर्वांसाठी खुली केली. माळेत लांब असलेले पण जागेवर शेजारी आलेले मणी गोळा करणं, हाच तिचा गाभा.

मग आलं अल्फाफोल्ड हे संगणकीय साधन. २०२० मध्ये त्याने प्रथिनांच्या रचना ओळखण्याच्या जागतिक स्पर्धेत सगळ्यांना मागे टाकलं, जुलै २०२२ मध्ये वीस कोटींहून अधिक रचनांचे अंदाज सर्वांना खुले झाले आणि २०२४ चं रसायनशास्त्राचं नोबेल डेमिस हसाबिस, जॉन जंपर आणि नव्या प्रथिनांची आखणी करणारे डेव्हिड बेकर यांना मिळालं. मॅक्स पेरुत्झ यांना हिमोग्लोबिनचा पहिला ढोबळ आराखडा मिळवायला वीसहून अधिक वर्षं लागली होती. आता बहुतेक प्रथिनांचं चित्र एका टिचकीवर मिळतं. साहजिकच ‘प्रथिनांचं कोडं सुटलं’ असे मथळे झळकले.

अल्फाफोल्डच्या मुळाशीही शेजाराचाच विचार आहे, हे त्या मथळ्यांत हरवलं. दाराची चौकट बदलली की सुतार फळीही रंधून घेतो. नाहीतर दार लागत नाही. प्रथिनात दोन मणी एकमेकांना टेकलेले असतील तर उत्क्रांतीत एक बदलला की बहुधा दुसऱ्यालाही जुळवून घ्यावं लागतं. माणूस, उंदीर, कोंबडी, जिवाणू अशा हजारो जीवांमधल्या त्याच प्रथिनाच्या माळा एकाखाली एक मांडल्या आणि कोणत्या दोन जागा जोडीने बदलतात ते पाहिलं, तर रचना न पाहताच शेजारी ओळखता येतात. १९९४ मध्ये ही कल्पना मांडली गेली, पण एक पंचाईत होती. ‘अ’ ‘ब’ला टेकतो, ‘ब’ ‘क’ला टेकतो, म्हणून ‘अ’ आणि ‘क’ हेही जोडीने बदलताना दिसतात. ओळख ‘ब’च्या आडून आलेली असते. ही आडून आलेली ओळख वेगळी काढण्याचं गणित २००९ ते २०११ च्या सुमारास सांख्यिकी भौतिकीतून आलं, आणि त्या वाटेवरच पुढे यंत्रशिक्षणाने मजल मारली.

एवढं करूनही सिकलसेलच्या बाबतीत अल्फाफोल्ड फारसं काही बोलत नाही. बीटा माळेत सहाव्या जागी व्हॅलिन घालून विचारलं तर ते जवळपास पूर्वीचंच चित्र काढतं, आणि त्यात चूक काही नाही, कारण आकार खरोखरच तसाच असतो. एखादा मणी बदलल्याचे परिणाम सांगण्यासाठी ही प्रणाली पारखलेली नाही, असं अल्फाफोल्डच्या भांडारावरच लिहिलेलं आहे.

याउलट २०२१ च्या मार्चमध्ये महाराष्ट्राने शेजारवाचनाचा उपयोग जवळून पाहिला, फक्त तो ‘डबल म्युटंट’ या भीतिदायक नावाखाली दडला. विदर्भातून वाढत गेलेल्या त्या कोरोना विषाणूत बदल दोनच नव्हते, बरेच होते. गाजले ते काट्याच्या प्रथिनातले ४५२ आणि ४८४ या जागांवरचे. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेतले शास्त्रज्ञ जनुकीय क्रम वाचून थांबले नाहीत. हे मणी माणसाच्या पेशीवरच्या एसीई-२ या प्रथिनाशी आणि काही प्रतिपिंडांशी कसे जोडले जातात हेही त्यांनी रचनांवर तपासलं, आणि प्रतिपिंडांची पकड ढिली पडू शकते असं सांगितलं. ४५२वा मणी एसीई-२ ला थेट टेकतही नाही. काही प्रतिपिंडांना मात्र टेकतो. दूरचित्रवाणीवर दोन आकडे नाचवले गेले. त्यांचे शेजारी कोण, हे सांगायला कुणाला वेळ नव्हता.

या विद्येचा गैरवापरही त्याच काळात झाला, तोही सांगायला हवा. फेब्रुवारी २०२० मध्ये विषाणूच्या मुख्य प्रोटिएजची रचना खुली झाली आणि डॉकिंगचं पीक आलं. हळदीतलं, तुळशीतलं, अश्वगंधेतलं एखादं द्रव्य संगणकावर त्या प्रथिनाच्या खाचेत बसवायचं, चार-पाच संपर्क ठिपक्यांच्या रेघांनी दाखवायचे, आणि शेवटी ‘संभाव्य औषध’ म्हणून शोधनिबंध. परीक्षानळीत एकदाही पारखलेलं नाही. त्याच खाचेत बसणारं निर्मात्रेलविर हे औषध खरोखर उपयोगी पडलं, पण ते पेशींवर, प्राण्यांवर आणि माणसांवर तपासल्यानंतर. स्फटिकातले संपर्कही फसवतात. लोकलच्या गर्दीत खांद्याला खांदा लागला म्हणून सोयरिक होत नाही. स्फटिकात रेणू दाटीवाटीने बसतात, तिथे टेकणारे सगळेच शेजारी शरीरात टेकत असतील असं नाही. सिकलच्या खोबणीवर विश्वास बसला तो स्फटिकातली दुहेरी ओळ सूक्ष्मदर्शकात दिसलेल्या दोराशी आणि इतर जागी बदल असलेल्या हिमोग्लोबिनच्या प्रयोगांशी जुळली तेव्हा. आणि रेणूवर सगळं जुळूनही माणसावर गणित चुकू शकतं: हिमोग्लोबिनला ऑक्सिजन धरून ठेवायला लावणारं व्हॉक्सेलोटर २०१९ मध्ये मान्य झालं, सप्टेंबर २०२४ मध्ये कंपनीनेच ते जगभरातून मागे घेतलं.

राष्ट्रीय सिकलसेल मोहीम १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशात शहडोलला सुरू झाली; २०४७ पर्यंत आजार संपवण्याचं लक्ष्य आहे. तपासण्या आणि ओळखपत्रं हा तिचा कणा. रुग्णाला हायड्रॉक्सियुरिया वेळेवर मिळणं हे पहिलं काम, आणि तिथे विद्यार्थ्यांनी अणूंची अंतरं मोजून काय साधणार, असा प्रश्न कुणी केला तर तो रास्तच आहे. पण पंचवीस कोटींच्या उपचाराऐवजी पंचवीस रुपयांची गोळी कधी निघायची असेल, तर ती या खोबणीचा बारकाईने विचार करणाऱ्या माणसांकडूनच निघेल. रुग्ण आपल्याकडे आहेत. धारिणी उघडी आहे. सूत्र दहावीचं आहे. अडतं ते अभ्यासक्रमात.

जैवरसायन आणि जैवतंत्रज्ञानाच्या परीक्षांत ‘हिमोग्लोबिनची रचना आकृतीसह स्पष्ट करा’ हा प्रश्न येतो आणि विद्यार्थी चार रंगांचे चार गोळे काढून मोकळे होतात. त्याजागी प्रात्यक्षिकाचे दोन तास द्यावेत. गोंडवाना विद्यापीठाच्या किंवा नंदुरबारच्या महाविद्यालयातल्या संगणकावर ‘२एचबीएस’ उतरवून घ्यावी, पायथनच्या वीसेक ओळी लिहून सहाव्या व्हॅलिनपासून पाच अँगस्ट्रॉमच्या आतले परक्या रेणूतले मणी शोधायला सांगावेत, मग तीच मर्यादा चार आणि सहा करून यादी कशी बदलते ते वहीत लिहायला लावावं. तोंडी परीक्षेत एकच विचारावं: ८७व्या जागी ग्लुटामिन बसवलं, तर काय होईल?